पहाटे फ्रिज बंद पडतो, नवी बॅटरी टाकूनही तेच : आमच्या गाडीत शेवटी काय सापडलं

ज्यांनी जुनी टेंपो ट्रॅव्हलर किंवा तसलीच व्हॅन घेऊन घरच्या घरी झोपायची सोय केलीय, मागे एक जादा बॅटरी टाकलीय, त्यावर छोटा फ्रिज, दोन पंखे आणि लाइट चालतात, आणि दर ट्रिपला दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या रात्री चार-पाच वाजता फ्रिज पीं पीं करत बंद पडतो, त्यांच्यासाठी लिहितोय. मला हे शोधायला तीन ट्रिपा लागल्या आणि मधे तीसेक हजार रुपये उगाच गेले.

आधी सेटअप सांगतो म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. सेकंडहँड ट्रॅव्हलर, बीएस४, मागच्या सीट काढून प्लायचे दोन दिवाण, ते बोल्टवर बसवलेले, काढता येतात. माणसं पाच : मी, बायको, दोन मुलं आणि आई. चाळीस लिटरचा कंप्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज, दोन बीएलडीसी पंखे, एलईडी पट्ट्या, पाण्याची छोटी मोटर, मोबाइल चार्जिंग. गॅस शेगडी आहे पण ती गाडीबाहेर लावतो. एसी नाही, टॉयलेट नाही. मुक्काम कुठे, तर पेट्रोल कंपनी स्वतः चालवते ते कोको पंप, देवस्थानांची भक्तनिवासं, नाहीतर ओळखीतल्या कुणाचं अंगण. केरळनं २०२१ मधे कॅरॅव्हॅन टुरिझमचं धोरण आणलं वगैरे सगळं खरं, पण आमच्यासारख्यांना रोज रात्री प्लग खोचायला मिळेल अशी जागा वाटेत कुठे असते. म्हणजे रात्रभर सगळा भार मागच्या बॅटरीवर.

आणि फ्रिज म्हणजे नुसतं थंड पाणी नाही हो. आईची इन्सुलिनची न उघडलेली पेनं त्यात असतात, ती २ ते ८ डिग्रीत राहायला हवीत. त्यामुळे पहाटे तो आवाज आला की आधी आई उठते, मग बायको, मग सगळी गाडी.

पहिली ट्रिप २०२३ ची दिवाळी, पुणे ते गणपतीपुळे, मालवण, गोवा. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवली होती. हे करू नका, झोपायच्या जागेत अ‍ॅसिडची उघडी बॅटरी म्हणजे चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि घाटात कलली तर अ‍ॅसिड सांडतं, माझी एक चटई त्यात गेलीय. दुसऱ्या रात्री फ्रिज बंद. बॅटरी चार वर्षांची जुनी, त्यामुळे तीच गेली असणार असं मी धरून चाललो. भेटेल तो मेकॅनिक पण हेच म्हणाला.

दुसरी ट्रिप २०२४ चा मे. यावेळी १०० एएचची लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारातली घेतली. लेड अ‍ॅसिडमधली साधारण अर्धीच वापरावी, लिथियममधली जवळजवळ पूर्ण वापरता येते, त्यामुळे कागदावर सगळं मस्त. गोकर्णला जाताना पहिली रात्र छान, दुसरी छान, तिसऱ्या रात्री पहाटे साडेचारला पीं पीं. म्हणजे तीस हजार घालून मी एक रात्र विकत घेतली होती. बायको काही बोलली नाही, नुसतं बर्फाची पिशवी काढून तीवर टॉवेल गुंडाळून पेनं बाजूला ठेवली (पेनं बर्फाला थेट टेकवायची नाहीत, गोठली की वाया). तिच्या न बोलण्याचा जास्त त्रास झाला.

आता मुद्द्याकडे येतो. नीट बघितलं असतं तर सगळ्यात मोठी खूण तिथेच होती : बंद कुठल्या रात्री पडतो. पहिल्याच रात्री पडत असेल तर घरून पूर्ण चार्ज करून निघालेली बॅटरी एका रात्रीत संपतेय, म्हणजे लोड जास्त आहे, बॅटरी खराब आहे किंवा फ्रिजपर्यंतची वायर खराब आहे. पण पहिली रात्र नीट जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पडतो, तर बॅटरीला दिवसा गाडी चालताना जेवढं परत मिळायला हवं तेवढं मिळत नाही. रोज थोडं थोडं कर्ज वाढतं आणि तिसऱ्या पहाटे सावकार दारात येतो. माझ्याकडे दोन्ही बिघाड एकत्र होते, म्हणून इतका घोळ झाला.

हिशोब एकदा कागदावर करा, मी तो तिसऱ्या ट्रिपच्या आधी केला. आमचा फ्रिज चालू असताना ४५ वॅटच्या आसपास घेतो, कोकणातल्या उकाड्यात कंप्रेसर निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला साधारण ५४० वॅट-अवर, म्हणजे बेचाळीसेक एएच. दोन पंखे रात्रभर, १९ एएच. लाइट, मोबाइल, मोटर मिळून ७-८. एकूण अडुसष्टच्या घरात. त्यातले पंचेचाळीस एक संध्याकाळ ते सकाळ आणि बाकीचे दिवसा. कोकणात लहान मुलं आणि आई बरोबर असताना दिवसाला साडेचार तासांच्या वर ड्रायव्हिंग होत नाही, कशेडी उतरलो की कुणाला तरी उलटी होतेच. त्या साडेचार तासांत डायनॅमोनं अडुसष्ट एएच परत द्यायला हवेत, म्हणजे सरासरी पंधरा अँपिअर. माझ्याकडे येत होते आठ. आठ गुणिले साडेचार म्हणजे छत्तीस. रोज बत्तीसचा खड्डा. शंभरची बॅटरी तिसऱ्या पहाटे संपणार हे पाचवीतल्या पोराला पण काढता आलं असतं.

पण आठच का येतात हे मात्र मला कळत नव्हतं. ते कळलं २०२४ च्या दिवाळीत कुडाळला, तिसऱ्या ट्रिपला, सेल्फ-डायनॅमोची कामं करणाऱ्या एका काकांकडे. मी गेलो आणि म्हणालो काका डायनॅमो बघा, चार्जिंग करत नाही. त्यांनी डायनॅमोकडे बघितलं पण नाही. मीटर काढला, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, हेडलाइट लावायला सांगितल्या, आणि पुढच्या बॅटरीवर मोजलं : १४.१. मग मागे येऊन मागच्या बॅटरीवर मोजलं : १३.२. मग म्हणाले, "बॅटरी बदलूक सांगणारे सगळीकडे गावतले, वायर मोजणारो कोण नाय."

०.९ व्होल्ट वाटेत गायब. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लिथियम बॅटरी अर्धी रिकामी असताना पण तिचा स्वतःचा व्होल्टेज १३.१ च्या आसपास असतो. म्हणजे बाहेरून १३.२ आले तर करंट ढकलायला जोरच उरत नाही. पाण्याच्या टाकीचं आहे तसं, वरची टाकी खालच्या टाकीपेक्षा बोटभरच उंच असेल तर नळ सोडून काय होणार, थेंब थेंब. आणि दुपारी इंजिन तापलं की रेग्युलेटर व्होल्टेज अजून थोडा खाली आणतो, त्यामुळे दुपारच्या ड्रायव्हिंगमधे तर त्याहून कमी.

मग हे ०.९ नेमके कुठे जातात ते त्यांनी शोधलं, आणि ही टेस्ट तुम्ही स्वतः करू शकता, पाचशे रुपयांच्या मीटरवर होते, फक्त एक सात-आठ मीटरची साधी बारीक वायर हवी, मीटरच्या पिनेला जोडायला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू आणि मागची बॅटरी थोडी रिकामी पाहिजे, म्हणजे वायरमधून करंट वाहत असला पाहिजे, करंट नसेल तर सगळं छान दिसतं आणि तुम्ही फसता, मी वर्षभर असाच फसलो कारण मी नेहमी गाडी बंद करून मोजायचो. आता एक पिन पुढच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरी मागच्या बॅटरीच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत मरतायत. माझ्याकडे ०.४. मग तसंच मायनस ते मायनस. इथे ०.१ च्या आत यायला हवं. माझ्याकडे ०.५ आले!

मायनसला मी वेगळी वायर टाकलीच नव्हती, मागे बॉडीला अर्थ दिला होता, सगळे देतात तसा. बोल्ट काढला तर खाली रंग जसाच्या तसा, फक्त आटे जिथे घासले तिथे पत्र्याला टेकत होता, आणि दोन पावसाळे आणि समुद्राची हवा खाऊन त्यावर गंज. त्यांनी ग्राइंडरनं रंग खरवडून पत्रा पांढरा केला, दात्याचा वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस फासलं. तेवढ्यावर करंट आठवरून तेरावर गेला. पैसे किती, तर दोनशे. मी पाचशे द्यायला लागलो तर घेतले नाहीत, आईला मात्र घरामागचे शहाळे काढून दिले.

प्लसच्या ०.४ चं गणित असं. मी ४ स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती, इलेक्ट्रिशियन जिला चारची म्हणतात. पुढून मागे बॉडीच्या कडेनं फिरवत आठ मीटर. तांब्याचं सूत्र सोपं आहे, ०.०१७५ गुणिले मीटर भागिले स्क्वेअर एमएम. म्हणजे ०.०३५ ओहम, आठ अँपिअरला ०.२८ व्होल्ट. उरलेले रिले (इंजिन चालू झालं की पुढची-मागची बॅटरी जोडणारा स्विच) आणि काचेच्या फ्यूजच्या होल्डरमधे, तो हाताला गरम लागायचा आणि मला वाटायचं इंजिनजवळ आहे म्हणून असेल. हीच वायर वीस अँपिअरला ०.७ व्होल्ट खाईल. सोळाची केबल टाकली तर वीस अँपिअरला ०.१८. फरक बघा.

दुकानात केबल घेताना एक सांभाळा. टोक ब्लेडनं खरवडून बघा. वर तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम असलेली केबल सर्रास मिळते, जाडी तीच दिसते, किंमत निम्मी, आणि रेझिस्टन्स जास्त. माझी जंपर केबल तशीच निघाली. मी शेवटी वेल्डिंगची तांब्याची केबल घेतली, वळते छान, फक्त तिचं वरचं रबर डिझेल-ऑइलपासून लांब ठेवावं लागतं म्हणून पाइपमधून नेली.

आता दुसरा बिघाड, तो फ्रिजकडचा, आणि तो मला घरी आल्यावर सापडला. मागची बॅटरी ४० टक्के शिल्लक असताना पण फ्रिज कधीकधी एफ१ दाखवून बंद व्हायचा, म्हणजे व्होल्टेज कमी. हे कसं? तर फ्रिजच्या डिस्प्लेवर व्होल्टेज दिसतो, आणि तो बॅटरीवर मीटरनं मोजलेल्याशी मी कधी ताडूनच बघितला नव्हता. कंप्रेसर चालू होतानाच बघायचं, आधी नाही. बॅटरीवर १२.९ आणि त्याच क्षणी फ्रिजवर ११.६! मधे काय, तर चार मीटर दीडची वायर आणि सिगारेट लायटरचा सॉकेट. जायची यायची मिळून आठ मीटर, वरच्याच सूत्रानं ०.०९ ओहम, सुरू होतानाच्या आठ-नऊ अँपिअरला पाऊण व्होल्ट, आणि बाकीचे त्या लायटर सॉकेटच्या स्प्रिंगमधे. ते सॉकेट सिगारेट पेटवायला काढलेलं आहे, रात्रभर फ्रिज चालवायला नाही, गाडी खडखडली की पिन सैल होते. हात लावून बघा, कोमट लागला तर तोच चोर.

त्यात फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन एचवर होतं, म्हणजे हाय, व्होल्टेज थोडा उतरला तरी फ्रिज बंद होतो; एल म्हणजे लो, तो बराच खाली जाईपर्यंत चालू राहतो. फ्रिज गाडीच्या मुख्य बॅटरीवर चालवत असाल तर एच ठेवायचा, म्हणजे सकाळी गाडी स्टार्ट व्हायला शिल्लक राहते. वेगळ्या लिथियमवर असेल तर एल करा, बॅटरीच्या आतलं बीएमएस नावाचं सर्किट तिचं रक्षण करतं. मी लायटर सॉकेट काढून टाकला, सहाची वायर थेट बॅटरीच्या फ्यूजबॉक्सपासून आणली, टोकाला करड्या रंगाचा अँडरसन कनेक्टर. आता तोच फरक पाव व्होल्टच्या आत आहे.

कायमचा उपाय घरी येऊन २०२५ च्या सुरुवातीला केला. रिले काढला आणि डीसी टू डीसी चार्जर टाकला, वीस अँपिअरचा. हा मागच्या बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा, पुढे नाही. त्याला १३ व्होल्ट येवोत की १२.६, तो स्वतः वाढवून बॅटरीला १४.४ देतो, आणि वीसच्या वर घेत नाही. हे दुसरं पण महत्त्वाचं आहे, कारण वायर जाड केली आणि मधे नुसता रिले ठेवला तर रिकामी लिथियम हवा तेवढा करंट ओढते आणि ट्रॅफिकमधे आयडलिंगला उभं असताना डायनॅमो भाजून निघतो. वीस अँपिअर बाहेर द्यायला तो पुढून पंचवीसच्या आसपास घेतो, तेव्हा केबल त्या हिशोबानं, सोळाची, प्लस आणि मायनस दोन्ही. बॉडी अर्थवर परत विश्वास ठेवला नाही.

फ्यूज दोन हवेत, या केबलला दोन्ही टोकांना बॅटरी आहे ना. एकच टाकला पुढे, आणि मधे कुठे केबल पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर पुढचा फ्यूज उडेल पण मागची बॅटरी तशीच जाळत राहील. दोन्ही बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचे, बोल्टनं बसणारे. आमच्या गाडीत माणसं झोपतात, त्यामुळे इथे काटकसर केली नाही. केबलच्या टोकाचे लग पण पक्कडीनं चेपू नका, केबलच्या दुकानात हायड्रॉलिक क्रिंपिंग करून देतात, टोकं मोजून नेली की दहा मिनिटांचं काम.

बीएस६ गाड्या असलेल्यांना एक वेगळी गोष्ट. बऱ्याच नव्या गाड्यांत कॉम्प्युटर डायनॅमोचा व्होल्टेज चालताना मुद्दाम खाली आणतो, साडेबारा-तेरापर्यंत, डिझेल वाचवायला. तिथे व्होल्टेज बघून जोडणारा रिले बसवला तर तो मधेच तोडतो, आणि तुम्ही दिवसभर गाडी चालवून पण मागे शून्य. तुम्हाला डीसी टू डीसीशिवाय पर्याय नाही, आणि त्याची ट्रिगर वायर इग्निशनला जोडायची. अजून एक, पुढच्या बॅटरीच्या मायनसला छोटा सेन्सर लटकत असेल तर तुमची मायनस त्या टर्मिनलवर थेट लावू नका, सेन्सरच्या पलीकडे चासीच्या बोल्टवर लावा, नाहीतर कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो.

सोलरबद्दल सगळे विचारतात. छतावर १०० वॅटचं एक पॅनल आहे, सपाट, चांगल्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस एएच देतं. पण पॅनलला ऊन पाहिजे आणि आईला सावली, आणि कोकणात सावली म्हणजे माड, आणि माडाच्या एका झावळीची सावली पडली तरी पॅनल निम्म्याहून जास्त झोपतं. त्यामुळे ते बोनस समजा. एका जागी दोन रात्री थांबायचं असेल तर त्याच्यावर निभतं, तिसऱ्या रात्रीसाठी कुठूनतरी प्लग घ्यावाच लागतो. तो घेताना ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्ड वापरा, पावसात लॉजच्या एक्स्टेंशनवरून गाडीच्या पत्र्याला झिणझिण्या येतात ते काही विनोदाचं काम नाही.

आणि तो लाल आकड्यांचा छोटा व्होल्टमीटर डॅशबोर्डवर लावून बॅटरी किती शिल्लक ते बघत असाल तर लिथियमला तो निरुपयोगी आहे. ७० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना जवळजवळ तोच आकडा. शंट (करंट मोजायची धातूची पट्टी) लावलेला मॉनिटर घ्या, आत किती एएच गेले आणि बाहेर किती आले ते मोजतो. मायनसच्या वाटेत शंट, आणि सगळे मायनस शंटच्या पलीकडून, एक जरी थेट बॅटरीला राहिला तर हिशोब खोटा. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी अँपिअर मोजतो का ते दुकानातच बघा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात, माझा पहिला तसाच निघाला आणि तो गाडीत सगळीकडे शून्य दाखवायचा.

२०२५ च्या मे महिन्यात परत निघालो, यावेळी पनवेलहून धरलेला ६६ नंबरचा हायवे सोडायचाच नाही असं ठरवून थेट कन्याकुमारीपर्यंत. मरवंतेला रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी आहे, तिथे मुलांना उठवून दाखवलं तर धाकटा म्हणाला फ्रिज चालू आहे ना, मग झोपू दे. रोज संध्याकाळी गाडी बंद करताना मॉनिटरवर ९५ च्या वर, सकाळी ५०-५५. एकदाच, उडुपीजवळ दोन दिवस थांबलो आणि दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, तेव्हा सकाळी १२ वर गेलो होतो, तेही आदल्या रात्री पंख्यांपैकी एक बंद ठेवून, आणि बायकोनं वर्तमानपत्रानं वारा घातला, मला नाही, मुलांना.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पाण्याची मोटर चालू केली की लाइट क्षणभर मंद होतात. मोटर ते फ्यूजबॉक्स दीडचीच वायर आहे आणि तिचा अर्थ अजून त्या जुन्या बॉडीच्या बोल्टवर आहे, म्हणजे उत्तर मला माहितीय, फक्त त्यासाठी डावीकडचा दिवाण सोडवावा लागतो आणि त्याखाली आईनं लोणच्याच्या बरण्या लावून ठेवल्यायत.